‘आणि’ची वेलांटी : एका कमी खर्चाच्या चित्रपटाच्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै

पटकथेचा दुसरा खर्डा आज संपला. पाने ८६ झाली आहेत आणि एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट या नेहमीच्या हिशेबाने चित्रपट दीड तासाच्या आत बसतो. गोष्ट थोडक्यात अशी : घरून मुद्रितशोधनाचे काम करणारी पन्नाशीतली एक स्त्री एकटी राहते, अकरा वर्षे दूर असलेला तिचा धाकटा भाऊ कायमचा परत येतो, आणि पहिल्याच आठवड्यात तिची खात्री पटते की हा माणूस दिसायला हुबेहूब भावासारखा असला तरी तो तिचा भाऊ नव्हे. तिला हे कळते ते टेबलावरच्या एका चिठ्ठीवरून. भाऊ लहानपणापासून ‘आणि’ हा शब्द दुसऱ्या वेलांटीने लिहीत असे आणि तिने शंभरदा सांगूनही ती चूक सुटली नव्हती. या चिठ्ठीत मात्र णला पहिली वेलांटी आहे.

नायिकेचा व्यवसाय मी मुद्दाम निवडला. हजार शब्दांच्या मजकुरात एक निसटलेला अनुस्वार ज्या नजरेला दिसतो, ती नजर घरातल्या माणसावर वळली तर काय होईल, हा माझा प्रश्न आहे. तिचा संशय तिच्या एखाद्या दुबळेपणातून येत नाही. ज्या गुणासाठी लोक तिला काम देतात, त्याच गुणातून तो येतो.

साधने मोजकी आहेत : एक घर, तीन नट, नऊ जणांचा चमू आणि चित्रीकरणाचे १४ दिवस. पहिल्या खर्ड्यात रस्त्यावरचा पाठलाग आणि छापखान्यातला एक मोठा प्रसंग होता. दोन्ही काढले. ते परवडत नव्हते हे खरे, पण काढल्यावर गोष्ट बिघडण्याऐवजी घट्ट झाली, आणि म्हणून ते पैसे मिळाले तरी परत येणार नाहीत.

२२ जुलै

आठवडाभर वाचन केले. चमूतल्या सर्वांनी एकच भाषा बोलावी म्हणून शब्द ठरवून घेणे आवश्यक होते, कारण भास, भ्रम आणि संभ्रम हे तीन शब्द आपण एरवी सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. दोरी साप वाटते तो भ्रम. तिथे काहीतरी असते, फक्त चुकीचे ओळखले जाते. काहीच नसताना आवाज ऐकू येतो किंवा माणूस दिसतो तो भास. पुराव्याने न हलणारी खोटी खात्री तो संभ्रम. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत हा शब्द रुळलेला असला तरी तो मला अडचणीचा वाटतो, कारण रोजच्या बोलण्यात संभ्रम म्हणजे गोंधळ, आणि आमच्या नायिकेच्या मनात गोंधळाचा लवलेशही नाही. गोंधळ असतो तो प्रेक्षकाच्या मनात. रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात दिवा आणला की साप नाहीसा होतो. इथे दिवा आणला तर दिवा आणणाऱ्यावरच संशय येतो.

आपला माणूस बदलून त्याच्या जागी तोतया आला आहे, या खात्रीचे सविस्तर वर्णन जोसेफ कॅपग्रा आणि जाँ रेबुल-लाशो या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ साली केले. त्यांनी मादाम एम. या नावाने नोंदवलेल्या स्त्रीच्या मते तिच्या नवऱ्याच्या आणि मुलीच्या जागी एकामागून एक तोतये आणून ठेवले जात होते. या अवस्थेला आज कॅपग्रा संभ्रम म्हणतात. १९९० साली हेडन एलिस आणि अँड्र्यू यंग या मानसशास्त्रज्ञांनी त्याचे जे स्पष्टीकरण मांडले, ते आमच्या चित्रपटासाठी फार मोलाचे आहे : चेहरा ओळखणे आणि ओळखीच्या चेहऱ्यासोबत मनात आपुलकी उमटणे ही मेंदूतली दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम खंडित होऊन पहिले शाबूत राहिले तर चेहरा तोच दिसतो पण माणूस तो वाटत नाही. पुढे ओळखीचे चेहरे दाखवून, भावना जागी झाल्याची खूण म्हणून, त्वचेच्या विद्युतवाहकतेतले बदल मोजले गेले, तेव्हा एरवी दिसणारा प्रतिसाद अशा रुग्णांमध्ये आढळला नाही. मात्र तो प्रतिसाद हरवलेल्या प्रत्येकाला असा संभ्रम होत नाही, म्हणून मनात आलेली शंका तपासून बाजूला ठेवण्याची क्षमताही ढळावी लागते, असे अनेक संशोधक मानतात.

या वाचनात सर्वांत खोल रुतून बसली ती विल्यम हर्स्टाइन आणि व्ही. एस. रामचंद्रन या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली एका तरुणाची हकिकत. अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर तो आपल्या आईवडिलांना तोतये समजू लागला होता. परंतु वडील फोनवर बोलले की तो त्यांना तत्काळ ओळखत असे. संशय डोळ्यांच्या वाटेने येत होता, कानांच्या वाटेने येत नव्हता. हे वाचल्यापासून माझ्यासमोर एकच दृश्य आहे : बहीण आतल्या खोलीतून फोन लावते, बाहेरच्या खोलीत भाऊ तो उचलतो, आणि ती आपल्या खऱ्या भावाला सांगू लागते की घरात कोणीतरी शिरले आहे. तिसऱ्या खर्ड्याचा मध्य हाच असेल.

५ ऑगस्ट

एका मनोविकारतज्ज्ञ बाईंना खर्डा वाचायला दिला होता. त्यांनी दोन तास दिले आणि पानापानावर पेन्सिलीने लिहून आणले होते. त्यांचा पहिला आक्षेप आमच्या डॉक्टरच्या पात्रावर होता. आमचा डॉक्टर नायिकेला जुनी छायाचित्रे दाखवून, जन्मखुणा जुळवून तिची चूक पटवून देतो. त्या म्हणाल्या की वाद घालून संभ्रम सुटत नाही, उलट वाद घालणाराही कटात सामील ठरतो, आणि खोटी हमी भरणेही तितकेच घातक असते. अनुभवी डॉक्टर खरेखोटे बाजूला ठेवून आधी भीतीबद्दल विचारतो : तुम्हाला झोप लागते का, घरात सुरक्षित वाटते का, सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो. तो प्रसंग पूर्ण नव्याने लिहिला. आता डॉक्टर आठ मिनिटांत एकही विधान करत नाही, फक्त विचारतो, आणि तरीही दृश्यातला ताण पूर्वीपेक्षा वाढला आहे, कारण त्याचे मत काय आहे हे प्रेक्षकालाही कळत नाही.

दुसरा आक्षेप शेवटावर होता. माझ्या खर्ड्यात बहीण भावावर चाकू उगारते. अशा रुग्णांकडून जवळच्या माणसांना इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, हे त्यांनी लपवले नाही. पण मनोविकार असलेला माणूस पडद्यावर आला की शेवटी शस्त्र उचलणारच, अशी प्रेक्षकाची सवय आपण घडवली आहे, आणि खऱ्या आयुष्यात ही माणसे इतरांना घाबरवण्यापेक्षा स्वतः घाबरलेली असण्याची आणि अत्याचार सोसणारी असण्याची शक्यता अधिक असते, हे त्यांचे म्हणणे मला मान्य करावेच लागले. मी चाकू लिहिला कारण मला दुसरे काही सुचले नव्हते. शेवट रिकामा ठेवला आहे.

१९ ऑगस्ट

छायालेखकाबरोबर दिवसभर बसून दृश्यभाषा ठरवली. त्याने प्रामाणिक प्रश्न विचारला की प्रेक्षकाला वास्तव कुठे संपते आणि नायिकेचे मन कुठे सुरू होते हे कसे कळणार, आणि आपण रंग, धूसरपणा किंवा वाकडी चौकट यांपैकी काय वापरायचे. मी म्हणाले, यांपैकी काहीच नाही, आणि का नाही यावरच उरलेला दिवस गेला.

वाकड्या भिंतींची परंपरा जुनी आहे. १९२० सालच्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ या जर्मन मूकपटात रस्ते, खिडक्या आणि सावल्यासुद्धा कापडावर वाकड्यातिकड्या रंगवल्या होत्या, आणि गोष्ट सांगणारा स्वतः मनोरुग्णालयात आहे हे शेवटी उघड होते. त्या काळी ही मांडणी धाडसाची होती. पण आज वाकडी चौकट म्हणजे प्रेक्षकाला दिलेली हळू आवाजातली सूचना झाली आहे : घाबरू नका, हे खरे नाही. आमच्या नायिकेला अशी सूचना कोणी देत नाही.

कार्ल यास्पर्स या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९१३ साली संभ्रमापूर्वीच्या मनःस्थितीचे वर्णन करताना नेमके हेच टिपले आहे. वस्तू आहेत तशाच दिसतात, इंद्रियांत बिघाड नसतो; फक्त सर्व काही काहीतरी सुचवू लागते, आणि काय सुचवते हे समजत नाही. म्हणजे प्रतिमा बदलत नाही, अर्थ बदलतो. मग कॅमेऱ्याने धूसर व्हायचे कारणच काय? नायिकेसाठी तो काळ आयुष्यातला सर्वांत स्पष्ट काळ आहे.

म्हणून तीन नियम लिहून भिंतीवर लावले. पहिला : प्रत्येक दृश्य दोन्ही अर्थांनी पूर्णपणे खरे असले पाहिजे, म्हणजे तो भाऊ आहे असे धरले तरी आणि नाही असे धरले तरी त्यातली कोणतीही कृती खोटी पडता कामा नये. दुसरा : नायिका जिथे नाही तिथे कॅमेरा जाणार नाही. तिसरा : जे घडले नाही ते दाखवायचे नाही, तिला जे दिसते ते सर्व तिथे खरोखर असेल. तिसऱ्या नियमामुळे आमचा चित्रपट भासाचा राहिला नाही, तो केवळ अर्थ लावण्याचा झाला, आणि खर्चाच्या दृष्टीनेही तो आम्हाला झेपेल असा झाला, कारण अर्थ दाखवायला विशेष दृश्यपरिणाम लागत नाहीत.

२ सप्टेंबर

कॅमेऱ्याची चाचणी. ३५ आणि ५० मिलिमीटरची दोनच भिंगे वापरायची असे ठरले. पहिल्या भागात ३५, आणि चिठ्ठीनंतर हळूहळू ५०, पण चेहरा चौकटीत तितकाच मोठा ठेवून; म्हणजे कॅमेरा मागे सरकतो, चेहरा तोच राहतो आणि मागची भिंत जवळ आल्यासारखी वाटते. बदल इतका थोडा आहे की एकाही चौकटीत तो बोट ठेवून दाखवता येत नाही.

घरातल्या दिव्यांनी त्रास दिला. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/४८ सेकंदाऐवजी १/५० सेकंदावर ठेवले की प्रत्येक फ्रेमला दोन पूर्ण लुकलुकी मिळून प्रकाश स्थिर राहतो. हे केले. तरीही स्वयंपाकघरातला मंद करता येणारा एलईडी दिवा पडद्यावर पट्टे उमटवत होता. दुसऱ्या चित्रपटात तो किरकोळ दोष ठरला असता. आमच्या चित्रपटात लुकलुकणारा दिवा म्हणजे वेडाची खूण असे प्रेक्षक लगेच वाचेल. दिवा बदलला.

१६ सप्टेंबर

तालमींचा तिसरा आठवडा. तालमी भरपूर करण्याचा आग्रह मी एका उदाहरणावरून धरला आहे : क्रिस्टोफर नोलनने आपला पहिला चित्रपट ‘फॉलोइंग’ सुमारे ६,००० डॉलरमध्ये, बहुतेक शनिवारी चित्रीकरण करत पूर्ण केला, आणि फिल्म महाग असल्यामुळे दृश्ये नाटकासारखी आधी बसवून एकदोन टेकमध्ये उरकली. आम्हाला फिल्मचा खर्च नाही, पण १४ दिवस आहेत, आणि दिवस ही त्याहून महाग वस्तू आहे.

नायिकेचे काम करणारी अभिनेत्री सुरुवातीला संशय ‘दाखवत’ होती : डोळे बारीक करणे, दचकणे, वळून पाहणे. तिला मी क्लाउस कॉन्राड या जर्मन मनोविकारतज्ज्ञाच्या १९५८ सालच्या ग्रंथाबद्दल सांगितले. त्याने संभ्रमाच्या पहिल्या पायरीला ‘ट्रेमा’ म्हटले, आणि हा शब्द त्याने रंगभूमीच्या बोलीतून घेतला. प्रवेशाआधी विंगेत उभ्या असलेल्या नटाला जी धास्ती वाटते ती. काहीतरी होणार आहे, ते माझ्याबाबतच आहे, आणि सर्वांना ते ठाऊक आहे. पुढच्या पायरीत अर्थ उलगडतो आणि धास्तीची जागा खात्री घेते. तिने वीस वर्षे विंगेत काढली आहेत, त्यामुळे पुढे काही सांगावे लागले नाही. तिने दचकणे सोडले आणि चिठ्ठी वाचल्यावर तिच्या चेहऱ्यावर जी शांतता आली, ती पाहून मला भीती वाटली.

भावाचे काम करणाऱ्या नटाने मात्र मला कोपऱ्यात गाठून विचारले, “मला एकट्यालाच सांगा, मी खरा आहे की तोतया?” मी उत्तर दिले की प्रत्येक दृश्यात, प्रत्येक टेकमध्ये तू भाऊ आहेस आणि तुझे तिच्यावर प्रेम आहे. त्याने सूचक हसायचे नाही, पाठमोरे थांबायचे नाही, वाक्य अर्धवट सोडायचे नाही. चांगला तोतयाही नेमके हेच करील, म्हणून पहिला नियम मोडत नाही.

७ ऑक्टोबर, चित्रीकरणाचा पहिला दिवस

नऊ दृश्यखंड ठरले होते, सात झाले. शेजारच्या पाण्याच्या पंपामुळे ध्वनिमुद्रण दोनदा थांबले. पंप कधी चालतो त्याच्या वेळा विचारून घेतल्या आणि उद्याचा क्रम त्याप्रमाणे लावला.

११ ऑक्टोबर, पाचवा दिवस

टेबलावरचे सर्व प्रसंग आज एका दमात घेतले, त्यामुळे सलगतेची नोंद ठेवणाऱ्या सहायकावर फार भार पडला. घरातल्या वस्तूंमध्ये आम्ही सहा बदल ठरवून केले आहेत, उदाहरणार्थ, कपाटावरच्या शब्दकोशाचे दोन खंड एकमेकांच्या जागी जातात. त्या सहांची यादी वेगळ्या वहीत आहे, आणि बाकी सर्व वस्तू जागच्या जागी राहिल्याच पाहिजेत.

१५ ऑक्टोबर, नववा दिवस

आज फोनचा प्रसंग झाला. हा एकच प्रसंग नीट झाला असता तरी मला प्रकल्प सार्थ वाटला असता, म्हणून सविस्तर लिहिते.

ठरले होते असे की दोन्ही खोल्यांत आळीपाळीने कॅमेरा लावायचा आणि फोनचा आवाज नंतर मुद्रित करायचा. तालमीत मात्र नटांनी खरोखरच एकमेकांना फोन लावले, आणि आम्ही कोणी कल्पनाही केली नव्हती अशी गोष्ट घडली. बंद दारातून भावाचा आवाज आधी येत होता आणि फोनमधून तोच आवाज किंचित उशिरा. ध्वनिमुद्रकाने मोजले तर अंतर सुमारे पाव सेकंदाचे निघाले. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होते, आधी दाराकडून आणि मग कानाशी. अभिनेत्रीने फोन कानाला घट्ट दाबला, दाराकडे पाहिले आणि पटकथेत नसलेले वाक्य अगदी हळू आवाजात म्हटले : “तो तुझी नक्कल करतोय रे, बाहेर बसून.”

त्या क्षणी संपूर्ण चित्रपट एका वाक्यात आला. दोन आवाजांमधला जो पाव सेकंद आपल्यासाठी माणूस एकच असल्याचा पुरावा आहे, तोच तिच्यासाठी माणसे दोन असल्याचा पुरावा आहे. दोघेही अगदी तीच गोष्ट ऐकतात.

त्यानंतर सर्व टेक खऱ्या फोनवर घेतले. बहीण सांगते की घरातला माणूस बाकी सगळे तुझ्यासारखे करतो, पण ‘आणि’ बरोबर लिहितो. पलीकडून भाऊ म्हणतो, “ताई, मी शिकलो गं नंतर,” आणि ती हसते, कारण फोनवरच्या भावाने शिकल्याचा तिला आनंद होतो. ती म्हणते, “तू लवकर ये. मी दाराला आतून कडी लावून बसलेय.” तो म्हणतो, “येतो.” दोन खोल्यांमध्ये फक्त एक दार आहे.

चौथ्या टेकला भावाचे काम करणारा नट खरोखर रडला. त्याच्या खोलीतला कॅमेराही सुरू होता, कारण छायालेखकाने दुसरा नियम मोडून, सुरक्षिततेसाठी म्हणून, तो लावून ठेवला होता. त्या मुद्रणात एकटा बसलेला, तोंडावर हात दाबून रडणारा माणूस दिसतो. आजवर आम्ही घेतलेला तो सर्वांत सुंदर दृश्यखंड आहे, आणि चित्रपटात त्याला जागा नाही. एकटा असताना रडणारा माणूस तोतया असू शकत नाही. तो दिसला की प्रश्नच मिटतो. रात्री यावर छायालेखकाशी बराच वाद झाला. त्याचे म्हणणे असे की प्रेक्षकाला एवढा तरी आधार द्यावा. मी त्याला निर्णय संकलनापर्यंत थांबवते असे सांगितले, पण माझा निर्णय झाला आहे.

शेवटही आज सुचला. फोनवर तिने ती खूण सांगून टाकली आहे. मग दुसऱ्या दिवशी भाऊ जी चिठ्ठी ठेवील, तिच्यात तो तिच्यासाठी मुद्दाम दुसरी वेलांटी देईल. प्रेमाने केलेली चूक. आणि तिच्या दृष्टीने तो शेवटचा पुरावा, कारण हे गुपित तिने फक्त खऱ्या भावाला सांगितले होते आणि बाहेरच्या माणसाने ते चोरून ऐकले. चाकूपेक्षा हे मला कितीतरी अधिक भयंकर वाटते, आणि यात कोणीही कोणाला इजा करत नाही.

२० ऑक्टोबर, चौदावा दिवस

चित्रीकरण संपले. दोन दृश्ये राहिली, दोन्हींवाचून भागेल.

२५ नोव्हेंबर

संकलनाची पहिली जोडणी १०४ मिनिटांची झाली आहे. संकलकाने एक प्रयोग करून दाखवला. भाऊ दारात उभा राहून आत पाहतो, असा चार सेकंदांचा एक दृश्यखंड आहे, ज्यात नट काहीच करत नाही. संकलकाने तो चित्रपटात दोन ठिकाणी वापरला : एकदा बहीण झोपलेली दिसल्यानंतर आणि एकदा ती कपाटातली जुनी पत्रे लपवताना दिसल्यानंतर. पहिल्यांदा डोळ्यांत माया दिसते, दुसऱ्यांदा पाळत. लेव कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभरएक वर्षांपूर्वी इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्याला सूपची थाळी, शवपेटी अशी वेगवेगळी दृश्ये जोडून जे दाखवून दिले, तेच हे. चेहऱ्यावरचा भाव पाहणारा स्वतः आणतो, आणि आमची नायिका वेगळे काही करत नाही.

९ डिसेंबर

चित्रपट पहिल्यांदाच बाहेरच्या दहा जणांना दाखवला, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लिहून विचारला : तो तिचा भाऊ आहे का, आणि तुम्हाला असे का वाटते? उत्तरे वाचून रात्री झोप आली नाही.

सहा जणांनी ठामपणे लिहिले की तो तोतया आहे, आणि त्यांतल्या चौघांनी पुरावा म्हणून कपाचा उल्लेख केला. टेबलावरच्या प्रसंगात भाऊ उठून आत जातो तेव्हा कपाचा कान डावीकडे असतो, आणि लगेचच्या दृश्यखंडात तो उजवीकडे असतो. आमच्या सहा ठरलेल्या बदलांमध्ये कप नाही. ती आमची चूक आहे, पाचव्या दिवशीची, दोन टेकच्या मध्ये कोणीतरी कप उचलून ठेवल्यामुळे झालेली. शब्दकोशाचे खंड मात्र एकाच्याही लक्षात आले नाहीत.

संकलक खूश झाला. त्याच्या मते ही आयती मिळालेली देणगी आहे. प्रेक्षकांनी नायिकेप्रमाणे खुणा गोळा केल्या, निरर्थक गोष्टीत अर्थ पाहिला, म्हणजे चित्रपटाने आपले काम चोख केले. मलाही क्षणभर तसे वाटले. पण विचार करता हे मला अन्यायाचे वाटते. पहिला नियम असा आहे की प्रत्येक खुणेला दोन्ही बाजूंनी उत्तर हवे. शब्दकोशाचे खंड भावाने वाचून चुकीच्या जागी ठेवले असतील, किंवा घर धुंडाळणाऱ्याने. कपाला मात्र गोष्टीच्या जगात एकही उत्तर नाही. तो भावानेही फिरवला नाही, तोतयानेही नाही, तो आम्ही फिरवला. प्रेक्षकाने आपला विश्वास त्या कपावर ठेवावा आणि तिथे काहीच नसावे, ही फसवणूक आहे. संभ्रमात माणूस अर्थ नसलेल्या जागी अर्थ पाहतो हे खरे. पण त्या अवस्थेची गोष्ट सांगणाऱ्याने स्वतःच्या निष्काळजीपणाला गूढतेचे नाव देऊ नये.

दोन दिवस खर्चून तो प्रसंग नव्याने जोडला. कप आता फक्त एकाच दृश्यखंडात दिसतो. बाकीच्या चित्रपटातल्या अशा चुका शोधण्यासाठी मी एका व्यावसायिक मुद्रितशोधकांना बोलावून चित्रपट दाखवला, आणि त्यांनी पहिल्याच पाहण्यात आणखी तीन चुका सांगितल्या, त्यांतली एक पडद्यावरच्या श्रेयनामावलीतल्या ऱ्हस्वदीर्घाची होती.

१४ जानेवारी

ध्वनीचे काम. पार्श्वसंगीत पूर्ण काढून टाकले, कारण संगीत नेहमी कोणाची तरी बाजू घेते. उरले ते घराचे आवाज, पंपासकट. ज्या पंपाने पहिल्या दिवशी आम्हाला अडवले, तो आता तीन ठिकाणी मुद्दाम ठेवला आहे.

फोनचा प्रसंग मिश्रणात चार दिवस चालला. जुन्या पद्धतीच्या फोनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचतो, म्हणून तो पातळ आणि जवळचा वाटतो. बंद दार उलट वागते. वरचे सूर अडवते आणि खालचा घुमारा येऊ देते. आम्ही भावाचा तोच एक आवाज या दोन वाटांनी नेला, एक दाराच्या बाजूने आणि एक नायिकेच्या कानाच्या बाजूने, आणि मधले अंतर चित्रीकरणात होते तेवढेच ठेवले. प्रेक्षकाला दोन्ही वाटा एकत्र ऐकू येतात, त्यामुळे पूर्ण माणूस फक्त त्याच्या कानात जुळतो. चौथ्या टेकचे रडणेही असेच आले आहे. कॅमेरा तिच्यावरच आहे, दार बंद आहे, आणि हुंदका आधी दाराकडून येतो, मग फोनमधून. दुसरा नियम अबाधित राहिला आणि नटाचे सर्वोत्तम कामही वाया गेले नाही. छायालेखकाने हे ऐकल्यावर काही न बोलता माझा हात धरला.

२ फेब्रुवारी

मनोविकारतज्ज्ञ बाईंनी ९१ मिनिटांची आवृत्ती पाहिली. डॉक्टरच्या प्रसंगातले एक वाक्य त्यांनी बदलायला सांगितले. “तुम्हाला असे वाटते” या शब्दांत अविश्वास डोकावतो, त्याऐवजी “तुमच्यावर हे ओढवले तेव्हा” हवे, असे त्या म्हणाल्या. डबिंगमध्ये ते बदलता येईल, कारण त्या वेळी डॉक्टर पाठमोरा आहे.

शेवटच्या दृश्यखंडाच्या लांबीवर आज निर्णय झाला. टेबलावर चिठ्ठी आहे, तिच्यात ‘आणी’ लिहिले आहे. बहीण वाचते, लाल पेन्सिल उचलते, आणि पेन्सिलीचे टोक त्या वेलांटीवर येऊन थांबते. पूर्वी हा दृश्यखंड २३ सेकंदांचा होता आणि शेवटी पेन्सिल कागदाला टेकत असे. तिने चूक दुरुस्त केली तर ती सवयीने, भावाला शिकवणारी ताई होते. तशीच राहू दिली तर तोतयाचा पुरावा जपून ठेवणारी बाई होते. आता आम्ही १७ व्या सेकंदाला कापतो, टोक कागदापासून केसभर वर असताना. मागच्या खोलीत भावाच्या चपलांचा आवाज थांबलेला आहे, एवढेच ऐकू येते. पेन्सिल उचलण्याचा आवाज मात्र फार मोठा झाला आहे. तो उद्या पुन्हा मुद्रित करायचा आहे.